फोनची पाणसळ: मोशन सेन्सरवर चालणारं ॲप घरच्या घरी कसं बनवावं

आमचे आण्णा गवंडी. त्यांच्याकडे लाकडी पट्टीत बसवलेली एक जुनी पाणसळ होती. ती फरशीवर ठेवायची, बुडबुडा कुठे थांबतो ते बघायचं, मग तीच पाणसळ उचलून डावं टोक उजवीकडे करून पुन्हा त्याच जागी ठेवायची आणि पुन्हा बघायचं. दोन्ही वेळा बुडबुडा एकाच जागी आला तरच ते पुढची फरशी बसवायचे. लहानपणी मी विचारलं होतं, की एकदा बघितल्यावर परत कशाला बघता? ते म्हणाले, "फरशी वाकडी का पाणसळ वाकडी, हे एकदा बघून कळत नाही."

फोनमधल्या सेन्सरवर ॲप बनवताना हे वाक्य मला रोज आठवतं. फोन हलवला की काहीतरी घडतं, असं ॲप बनवायला अर्धा तास पुरतो. ते ॲप खरं बोलतं का, ही खात्री करायला दोन संध्याकाळी लागतात. बहुतेक ठिकाणी पहिला अर्धा तासच शिकवला जातो. म्हणून या लेखात एकच ॲप शेवटपर्यंत नेऊ: फोन फरशीवर ठेवला की ढाळ किती आहे ते 'फुटाला इतके सूत' (सूत हे गवंड्यांचं बारीक माप) असं सांगणारं ॲप. कोड टाइप करायचा नाही. ठोकळे जोडून ॲप बनवता येणारं एमआयटी ॲप इन्व्हेंटर आपण वापरणार आहोत. गूगलने ते २०१० साली आणलं, आणि २०१२ पासून अमेरिकेतली एमआयटी ही संस्था ते सांभाळते. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, आणि आठवीच्या मुलांनाही जमतं, हे मी सुट्टीतल्या वर्गात बघितलं आहे.

सेन्सर नक्की काय मोजतो

हा भाग गाळू नका. पुढच्या निम्म्या चुका इथेच टळतात.

जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये अ‍ॅक्सेलरोमीटर असतो, स्वस्तातल्यातही. त्याच्या आत सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेलं सिलिकॉनचं इवलंसं वजन असतं. फोनला धक्का बसला की ते वजन मागे राहतं, त्याचं आणि शेजारच्या पट्ट्यांचं अंतर बदलतं, आणि त्यावरून चिप त्वरण काढते. चिप तीन दिशांचे तीन आकडे देते: एक्स म्हणजे पडद्याच्या आडव्या दिशेने, वाय म्हणजे खालून वर स्पीकरकडे, आणि झेड म्हणजे पडद्यातून थेट तुमच्या डोळ्यांकडे.

आता फोन टेबलावर उताणा ठेवा. तो हलत नाही, म्हणजे तिन्ही आकडे शून्य यायला हवेत असं वाटतं. पण झेड दाखवतो साधारण ९.८. टेबल फोनला खालून उचलून धरतं, आणि ते वजन आपल्या स्प्रिंगांवर दाबलं जातं, म्हणून. पृथ्वीची ओढ विषुववृत्तावर ९.७८ आणि ध्रुवांवर ९.८३ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, आपल्याकडेही त्याच आसपास. फोन हातातून सुटून खाली पडत असतो तेवढा वेळ मात्र तिन्ही आकडे शून्याजवळ जातात.

आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. फोन जरा कलंडला की ते ९.८ तिन्ही दिशांत वाटलं जातं. एका अंशाच्या कलाला आडव्या दिशेत साधारण ०.१७ येतात. म्हणजे फोन शांत असताना अ‍ॅक्सेलरोमीटर हा ओळंबाच आहे, खाली कुठे आहे ते त्याला ठाऊक असतं. पण फोन हलत असला की त्या ओळंब्यात आपल्या हाताचे धक्केही मिसळतात, आणि यातलं किती पृथ्वीचं आणि किती हाताचं, हे सेन्सरला वेगळं करता येत नाही. ते काम आपलं.

तयारी

संगणकावर ॲप इन्व्हेंटरचं संकेतस्थळ उघडा, गूगल खात्याने आत जा आणि नवा प्रोजेक्ट सुरू करा. प्रोजेक्टचं नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता द्या. फोनवर प्ले स्टोअरमधून 'एमआयटी एआय टू कंपॅनियन' हे ॲप घ्या. मग संगणकावर 'कनेक्ट' मध्ये जाऊन 'एआय कंपॅनियन' निवडा, पडद्यावर आलेला क्यूआर कोड फोनने वाचा, आणि तुमचं अर्धवट ॲप लगेच फोनवर दिसू लागेल. फोन आणि संगणक एकाच वायफायवर हवेत. घरी वायफाय नसेल तर फोनचा हॉटस्पॉट चालू करून संगणक त्यावर जोडा, माझं बरंचसं काम तसंच झालं आहे.

ॲप इन्व्हेंटरला दोन खोल्या आहेत असं समजा. 'डिझायनर' मध्ये पडद्यावर काय दिसणार ते मांडायचं, आणि 'ब्लॉक्स' मध्ये ते कसं वागणार ते ठरवायचं.

डिझायनरमध्ये आधी 'स्क्रीन वन' निवडून उजवीकडच्या यादीत 'स्क्रीन ओरिएंटेशन' शोधा आणि ते 'पोर्ट्रेट' करा. हे विसरलात तर फोन कलंडवताच पडदा आडवा होईल आणि सगळी मांडणी विस्कटेल. कल मोजणाऱ्या ॲपमध्ये ही पहिली खबरदारी.

मग डावीकडून एकेक वस्तू ओढून आणा. 'ड्रॉइंग अँड ॲनिमेशन' मधून कॅनव्हास घ्या, रुंदी ३००, उंची ३००. त्याच्यावर एक 'बॉल' टाका, त्रिज्या १५, आणि 'ओरिजिन ॲट सेंटर' वर खूण करा, म्हणजे गोळ्याची जागा त्याच्या मध्यावरून मोजली जाईल. खाली तीन लेबलं: एक कोनासाठी, एक सुतांसाठी, एक सूचनेसाठी. एक बटण, त्यावर मराठीत 'जुळवणी' लिहा. लेबलांवर आणि बटणांवर देवनागरी व्यवस्थित उमटते. यानंतरच्या वस्तू पडद्यावर दिसत नाहीत, त्या खाली पट्टीत जाऊन बसतात: 'सेन्सर्स' मधून अ‍ॅक्सेलरोमीटर सेन्सर आणि दोन क्लॉक, 'मीडिया' मधून साउंड, 'स्टोरेज' मधून टायनी डीबी, म्हणजे ॲप बंद झालं तरी आकडे जपून ठेवणारी वही.

पहिल्या क्लॉकचा 'टायमर इंटरव्हल' १०० करा, तो आपला दाखवण्याचा ठोका. दुसऱ्याचा २००० करा आणि त्याची 'टायमर एनेबल्ड' ची खूण काढून टाका, तो थांबण्याचा ठोका. हे आकडे मिलिसेकंदांत आहेत.

आधी सेन्सर बोलतो का ते बघा

ब्लॉक्समध्ये जा. अ‍ॅक्सेलरोमीटरवर टिचकी मारली की त्याचे ठोकळे उघडतात. त्यातला 'व्हेन शेकिंग' घ्या आणि त्याच्या पोटात साउंडचा 'व्हायब्रेट' बसवा, वेळ २००. फोन हातात घेऊन झटका द्या. थरथरला? मग सेन्सर, जोडणी, कंपॅनियन सगळं जाग्यावर आहे.

वर्गात मुलं इथेच अर्धा तास रमतात, फोन झटकला की घंटा, फोन झटकला की कुत्र्याचं भुंकणं. रमू द्यावं. हा ठोकळा खेळासाठी छान आहे. 'सेन्सिटिव्हिटी' कमीजास्त करून किती जोराचा झटका मोजायचा ते ठरवता येतं, आणि एका झटक्याचे चार झटके मोजले जाऊ नयेत म्हणून दोन झटक्यांमध्ये ४०० मिलिसेकंदांचं अंतर आधीच धरलेलं आहे. आपल्याला मात्र झटका नको, कल हवा. चाचणी झाली की हा ठोकळा कचरापेटीत टाका.

कच्चे आकडे

आता 'व्हेन अ‍ॅक्सेलरेशन चेंज्ड' हा ठोकळा घ्या. हा सेकंदाला कितीतरी वेळा जागा होतो आणि प्रत्येक वेळी एक्स, वाय, झेड आणून देतो. तात्पुरतं एक्स लेबलवर छापा, फोन टेबलावर ठेवा आणि आकड्याकडे बघा.

तो थांबतच नाही. ०.२१, ०.१७, ०.२४, ०.१९. टेबल हलत नाही, फोन हलत नाही, तरी शेवटचे दोन अंक नाचत राहतात. हा सेन्सरचा स्वतःचा गोंधळ आहे, बिघाड नव्हे. सरळ या आकड्यांवर गोळा हलवलात तर तो कापऱ्या हातातल्या दिव्यासारखा थरथरेल.

उपाय जुना आणि सोपा आहे. गढूळ पाणी निवळू देतो तसे आकडे निवळू द्यायचे. तीन ग्लोबल व्हेरिएबल, म्हणजे आकडा ठेवायच्या नाव दिलेल्या डब्या, करा: निवळएक्स, निवळवाय, निवळझेड. (इथे मी नावं मराठीत लिहितो, तुम्ही प्रोजेक्टमध्ये इंग्रजी अक्षरांत ठेवा.) तिघांची सुरुवात शून्यापासून. मग अ‍ॅक्सेलरेशन चेंज्डच्या पोटात:

निवळएक्स = ०.९ × निवळएक्स + ०.१ × एक्स

वाय आणि झेडसाठीही हेच. अर्थ असा, की प्रत्येक नव्या आकड्याचं फक्त दहा टक्के ऐकायचं आणि नव्वद टक्के आधीच्या मतावर ठाम राहायचं. एखादा आकडा भरकटला तर त्याचा परिणाम दहाव्या हिश्शाचाच होतो. फोन खरोखर कलंडला असेल तर नवे आकडे एकामागून एक तेच सांगत राहतात आणि बावीसएक वाचनांत निवळएक्स नव्वद टक्के वाट चालून जातो. सेकंदाला पन्नास वाचनं येत असतील तर हा वेळ अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी.

०.९ च्या जागी ०.९८ घातलं तर आकडा दगडासारखा स्थिर होतो, पण फोन कलंडवल्यावर गोळा आळसावल्यासारखा मागून येतो. ०.५ घातलं तर चपळ, पण कापरा. मुलांना मी हे तिन्ही आकडे घालून गोळ्याकडे बघायला लावतो. एकदा डोळ्यांनी बघितलं की हे सूत्र पाठ करावं लागत नाही. फरशी मोजायची तर ०.९ ते ०.९५ बरं. खेळ बनवायचा असेल तर ०.६ च्या आसपास या.

आकड्यांवरून कोन

शाळेत शिकलेली त्रिकोणमिती इथे उपयोगी पडते. बऱ्याच ठिकाणी कोनासाठी 'एक्स भागिले ९.८, त्याचा साइन उलटा' असं सूत्र सांगतात. मी ते टाळतो. प्रत्येक फोनचा सेन्सर टेबलावर ९.८ च दाखवतो असं नाही, कुणाचा ९.६ दाखवतो, कुणाचा १० च्या वर जातो. त्यापेक्षा तिन्ही आकड्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण घ्यावं:

आडवा कच्चा कोन = एटॅन टू (निवळएक्स, वर्गमूळ (निवळवाय² + निवळझेड²))

उभा कच्चा कोन = एटॅन टू (निवळवाय, वर्गमूळ (निवळएक्स² + निवळझेड²))

'एटॅन टू' म्हणजे दोन बाजूंच्या प्रमाणावरून कोन काढणारं गणित. त्याचा ठोकळा मॅथच्या खणात आहे, वरच्या खाचेत पहिला आकडा आणि खालच्या खाचेत दुसरा. उत्तर थेट अंशांत येतं. या दोन्ही ओळींचे 'प्रोसीजर', म्हणजे नावाने हाक मारता येणारे ठोकळ्यांचे गट, करून ठेवा, उत्तर परत देणारे. त्यांना आडवाकच्चा आणि उभाकच्चा म्हणू, कारण ते पुढे दोन ठिकाणी लागणार आहेत.

गोळा हलवण्याचं काम पहिल्या क्लॉकच्या 'व्हेन टायमर' मध्ये करा, सेन्सरच्या ठोकळ्यात नको. सेन्सर फार वेळा हाक मारतो, प्रत्येक हाकेला लेबल आणि गोळा बदलत बसलात तर साधा फोन दमतो. सेकंदाला दहा वेळा डोळ्याला पुरेसं आहे. गोळ्याची जागा (तूर्त कोनाच्या जागी कच्चा कोनच घाला):

आडवी जागा = १५० + २० × आडवा कोन
उभी जागा = १५० − २० × उभा कोन

१५० हा कॅनव्हासचा मध्य, आणि एका अंशाला २० ठिपके. 'मिन' आणि 'मॅक्स' चे ठोकळे लावून दोन्ही जागा २० आणि २८० च्या मध्ये अडवा, म्हणजे फोन उभा धरला तरी गोळा कॅनव्हासच्या आतच राहील. पाणसळीतला बुडबुडा नेहमी उंच बाजूकडे धावतो, तसाच आपला गोळाही धावला पाहिजे. फोनची डावी कड उचलून बघा. गोळा डावीकडे गेला तर बरोबर, उजवीकडे गेला तर अधिकच्या जागी वजा करा. उभ्या दिशेचंही तसंच तपासा.

'स्क्रीन वन इनिशियलाइझ' मध्ये कॅनव्हासवर १५०, १५० या मध्याभोवती २० त्रिज्येचं एक पोकळ वर्तुळ काढा. गोळ्याची त्रिज्या १५, वर्तुळाची २०. गोळा पूर्ण आत मावला म्हणजे कल पाव अंशाच्या आत आला.

इथे ॲप चालू झालं. मित्राला दाखवता येईल इतपत झालं. पण फरशी मोजायला अजून लायक नाही.

खोट

गवंडी ढाळ अंशांत बोलत नाहीत, सुतांत बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण तीन मिलिमीटर. फुटात बारा इंच, म्हणजे शहाण्णव सूत. फुटाला एक सूत ढाळ म्हणजे शहाण्णवाला एक, आणि कोनात सांगायचं तर ०.६ अंश. फुटाला दोन सूत म्हणजे १.२ अंश.

आता सेन्सरची चूक या मापात घाला. आडव्या दिशेचा आकडा नुसता ०.२ ने चुकला, आणि फोनच्या सेन्सरमध्ये एवढी चूक असणं नवलाचं नाही, तर कोन १.२ अंशांनी चुकतो. म्हणजे फुटाला दोन सूत. न्हाणीघराला जेवढा ढाळ द्यायचा तो सगळा त्या चुकीने गिळला. निवळण्याने हे सुटत नाही. निवळल्याने नाचणारा आकडा थांबतो, पण तो चुकीच्या जागी थांबला असेल तर तिथेच ठाम थांबतो. शिवाय हल्लीच्या फोनच्या पाठीला कॅमेऱ्याचा उंचवटा असतो, त्यामुळे फोन उताणा ठेवला तरी मुळात तिरकाच बसतो.

या सगळ्याला मिळून मी खोट म्हणतो. ती काढण्याची आण्णांची रीत अशी आहे, की तिला सपाट जागासुद्धा लागत नाही. फोन कुठल्याही स्थिर पृष्ठभागावर ठेवा, कोन वाचा. मग जागच्या जागी अर्धा वळसा देऊन, म्हणजे डोक्याकडची बाजू पायांकडे करून, पुन्हा वाचा. जमिनीचा ढाळ फोनच्या दृष्टीने उलटला, पण फोनची खोट फोनबरोबरच फिरली. म्हणून:

खोट = (पहिलं वाचन + दुसरं वाचन) ÷ २

समजा पहिल्यांदा १.६ अंश आले आणि फिरवल्यावर उणे ०.४. बेरीज १.२, निम्मे ०.६. ही फोनची खोट. जमिनीचा खरा ढाळ १.६ वजा ०.६, म्हणजे १ अंश. फिरवल्यावर उणे १ यायला हवं होतं, उणे ०.४ आलं, तिथेही फरक ०.६ चाच. हिशेब जुळला.

हे ठोकळ्यांत आणताना मी एक चूक केली होती, ती सांगतो. बटण दाबताक्षणी वाचन घेत होतो. बोट पडद्यावर दाबलेलं असताना फोन किंचित खाली जातो, बोट उचलताना किंचित वर. दर वेळी खोट वेगळी यायची आणि मी तासभर सूत्र तपासत बसलो, सूत्र तर बरोबर होतं. म्हणून दुसरा क्लॉक. बटणाच्या 'व्हेन क्लिक' मध्ये फक्त दोन गोष्टी: सूचनेच्या लेबलवर 'हात काढा' आणि दुसऱ्या क्लॉकचं टायमर एनेबल्ड चालू. दोन सेकंदांनी क्लॉक ठोका देईल. त्याच्या व्हेन टायमरमध्ये:

१. आधी टायमर एनेबल्ड बंद, नाहीतर दर दोन सेकंदांनी वाचन घेत राहील.

२. टप्पा नावाचं व्हेरिएबल शून्य असेल तर आडवाकच्चा आणि उभाकच्चा यांची उत्तरं पहिलाआडवा, पहिलाउभा मध्ये ठेवा, टप्पा १ करा आणि लिहा: 'फोन जागच्या जागी अर्धा फिरवा, पुन्हा दाबा'.

३. टप्पा १ असेल तर नवी उत्तरं घेऊन वरच्या सूत्राने आडवीखोट आणि उभीखोट काढा, टायनी डीबीच्या 'स्टोअर व्हॅल्यू' ने दोन्ही साठवा, टप्पा पुन्हा ०, आणि लिहा: 'जुळलं'.

स्क्रीन वन इनिशियलाइझमध्ये टायनी डीबीच्या 'गेट व्हॅल्यू' ने खोट परत वाचून घ्या, साठवलेली नसेल तर ० धरा. मग पहिल्या क्लॉकमध्ये आडवा कोन म्हणजे आडवाकच्चा वजा आडवीखोट, उभ्याचंही तसंच. गोळ्याला हाच कोन द्या.

सुतांचं लेबल: टॅन (उभा कोन) × ९६, म्हणजे फोनच्या लांबीच्या दिशेचा ढाळ. 'फॉरमॅट ॲज डेसिमल' ने एकच दशांश ठेवा. दुसरा दशांश दाखवता येतो, पण तेवढी अचूकता फोनकडे नाही, आणि जे आपल्याला ठाऊक नाही ते पडद्यावर छापू नये.

खोट काढताना फोन ज्या कव्हरमध्ये होता त्याच कव्हरमध्ये मोजा. कव्हर काढलं, बदललं, की जुळवणी पुन्हा. फोन उन्हात तापला असेल तरीही पुन्हा, कारण तापमानाने सेन्सर सरकतो.

हलता फोन आणि थरथरणारा फोन

दोन गोष्टी राहिल्या, दोन्ही छोट्या.

माणूस फोन हातात धरूनच मोजतो आणि आकडा खरा मानतो. ॲपने त्याला अडवलं पाहिजे. अ‍ॅक्सेलरेशन चेंज्डमध्ये एकूण बळ काढा: वर्गमूळ (एक्स² + वाय² + झेड²). तेही निवळून निवळबळ मध्ये ठेवा. मग आत्ताचं बळ आणि निवळबळ यांच्यातला फरक, चिन्ह सोडून, 'अ‍ॅब्सोल्यूट' ठोकळ्याने घ्या आणि तोही निवळून गडबड नावाने ठेवा. फोन शांत असेल तर गडबड शून्याजवळ राहते, हातात असेल तर वर चढते. माझ्या फोनवर मी ०.१ ला रेघ मारली आहे. त्याच्या वर असेल तर सुतांच्या जागी 'स्थिर ठेवा' दिसतं. तुमच्या फोनवर गडबड लेबलवर छापून, टेबलावर किती आणि हातात किती ते बघा, आणि दोन्हीच्या मधला आकडा निवडा.

दुसरी गोष्ट थरथरीची. समपातळी आली की फोन थरथरावा असं मी केलं, म्हणजे वाकून बघायला नको. झालं असं, की फोन थरथरला, थरथरीने सेन्सर हलला, कोन बाहेर गेला, परत आत आला, आणि फोन पुन्हा थरथरला. तो थांबेचना. यावर दोन रेघा हव्यात. कोन ०.२ अंशांच्या आत आला तर थरथर, आणि कळवलं हे व्हेरिएबल खरं करा. कोन ०.५ च्या बाहेर गेला तरच कळवलं पुन्हा खोटं करा. कळवलं खरं असताना थरथर नाही. थरथरीची वेळही ५० मिलिसेकंद ठेवा. आत येण्याची रेघ वेगळी आणि बाहेर जाण्याची वेगळी, ही युक्ती सेन्सरच्या प्रत्येक ॲपमध्ये कामाला येते. घरातल्या फ्रिजचा थर्मोस्टॅटही अशाच दोन रेघांवर चालू-बंद होतो.

फोनवर कायमचं बसवणं

कंपॅनियनमधून चालताना ॲप थोडं अडखळतं. त्यावरून निराश होऊ नका. 'बिल्ड' मध्ये जाऊन अँड्रॉइड ॲपचा, म्हणजे एपीकेचा पर्याय निवडा, क्यूआर कोडने ती फाईल फोनवर उतरवा. प्ले स्टोअरबाहेरचं ॲप म्हणून फोन एकदा विचारेल, परवानगी द्या. अ‍ॅक्सेलरोमीटरसाठी मात्र फोन कुठलीच परवानगी विचारत नाही. कॅमेरा, माइक, ठावठिकाणा यांना विचारतो, याला नाही. तुमचं ॲप दुसऱ्याला दिलंत तर ते काय मोजतं हे त्याला आपणहून सांगा.

प्रोजेक्टची एक प्रत संगणकावर उतरवून ठेवा. 'प्रोजेक्ट्स' मध्ये एआयए फाईल म्हणून ती मिळते. एपीके हरवली तर या फाईलवरून पुन्हा बनवता येते, उलट होत नाही.

न्हाणीघरात

हे ॲप मी मुळात आमच्या न्हाणीघरासाठी केलं. फरशी नवी घातली, आणि अंघोळीचं पाणी जाळीकडे जाण्याऐवजी दारापाशी साचू लागलं. काम करून गेलेला माणूस म्हणाला, ढाळ बरोबर आहे, फरशी नवी आहे म्हणून पाणी चिकटतं.

नुसता फोन फरशीवर ठेवून मोजू नये. फरशीचा प्रत्येक तुकडा थोडा वर-खाली असतो, दोन तुकड्यांच्या सांध्यावर फोन ठेवला तर सांधाच मोजला जातो. दोन फुटी ॲल्युमिनियमची सरळ पट्टी घ्या, ती फरशीवर टेकवा आणि तिच्यावर फोन, लांबी पट्टीच्या लांबीत. जुळवणीही त्याच पट्टीवर करा. कॅमेऱ्याचा उंचवटा पट्टीच्या कडेबाहेर निघाला तर उत्तम, नाही निघाला तरी खोटेत तो धरला गेलाच आहे, फक्त फोन दर वेळी तसाच बसला पाहिजे.

दारापासून जाळीपर्यंत चार फूट. मी पट्टी चार ठिकाणी ठेवली आणि खडूने फरशीवरच आकडे लिहिले. जाळीजवळ फुटाला १.१ सूत, जाळीकडे. मध्ये ०.८, जाळीकडे. त्याच्या अलीकडे ०.१, म्हणजे सपाटच. आणि दाराजवळ ०.६, पण दाराकडे. प्रत्येक ठिकाणी पट्टी आणि फोन दोन्ही उलटे फिरवून पुन्हा मोजलं. चिन्ह उलटलं, आकडा तोच राहिला.

मग एक तांब्या पाणी दाराजवळच्या आकड्यावर ओतलं. ते उंबऱ्याकडे गेलं आणि थांबलं. सगळी फरशी काढायची गरज नव्हती. दाराजवळच्या दोन ओळी उखडल्या, खाली माल घालून दाराची बाजू उचलली, आणि फुटाला एक सूत ढाळ येईपर्यंत पट्टीवर फोन ठेवून थापीने ठोकत गेलो. आण्णा दारात खुर्ची टाकून बसले होते, हातात ती लाकडी पाणसळ. प्रत्येक फरशी बसली की फोनचा आकडा मी वाचायचो, आणि ते त्यांची पाणसळ दोन्ही बाजूंनी ठेवून बघायचे.